बंद राहू नकोस

'नो शटडाउन'. सिस्कोच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा रेडिओ जागा करायचा हुकूम हा असा. 'चालू हो' म्हणायची सोयच नाही, 'बंद राहू नकोस' म्हणायचं. 2006 साली तुर्भ्याच्या एमआयडीसीत शिडीच्या टोकावर बसून मी तो पहिल्यांदा टाइप केला. मांडीवर लॅपटॉप, निळी चपटी कन्सोल केबल, समोर हायपर टर्मिनलची खिडकी. हवेत सेकंदाला 54 मेगाबिट फेकणारा डबा माझ्याशी मात्र 9600 बिटांनीच बोलत होता.

आधीच्या डब्यांना हा हुकूम लागत नसे. ते डबे एअरोनेटचे; ही मूळची ओहायोतल्या अ‍ॅक्रनची कंपनी. 1999 च्या नोव्हेंबरात सिस्कोने ती घ्यायचं जाहीर केलं, नाव मात्र डब्यांवर राहिलं. खोक्यातून काढून वीज दिली की रेडिओ सुरू, नेटवर्कचं नाव 'त्सुनामी', युजर सिस्को, पासवर्डही सिस्को. कुलूप काहीच नाही. (2004 च्या डिसेंबरनंतर ते नाव स्क्रीनवर दिसलं की नको व्हायचं.) वेप नावाचं जे कुलूप होतं, त्यातली खोट फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी 2001 मध्येच दाखवून दिली होती. पुढच्या आवृत्त्यांत डबा मुका यायला लागला: नाव नाही, रेडिओ बंद. म्हणून तो नकाराचा नकार.

आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 च्या जानेवारीत परवानामुक्त झाला आणि जो तो डबे टांगू लागला. कुलपाचं सुचवलं की उत्तर ठरलेलं, 'मॅडम, आमच्याकडे कोण येतंय?'

26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं गेलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. 2009 च्या जानेवारीत मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्कं हुडकू लागले, आणि माझा फोन वाजायचा थांबेना.

कुलूप लावायचं काम सोपं, पण क्रम चुकवायचा नाही. आधी रेडिओवर सायफर, मग एसएसआयडीला, म्हणजे नेटवर्कच्या नावाला, डब्ल्यूपीए हे नवं कुलूप. उलट केलंत तर डबा ऐकत नाही. माझी फजिती वेगळीच झाली. घाईत टेलनेटवरूनच, म्हणजे त्याच नेटवर्कमधून, बीव्हीआयचा, म्हणजे डब्याचा स्वतःचा, आयपी बदलला आणि बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारली. पुन्हा शिडी, पुन्हा फॉल्स सीलिंग. तेव्हापासून हात लावण्याआधी 'रिलोड इन 10'. आपण तुटलो तर दहा मिनिटांनी डबा स्वतःच रिस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेलं सगळं विसरतो. काम नीट झालं तर 'रिलोड कॅन्सल'.

त्या महिन्यातला शेवटचा डबा वाशीच्या मसाला मार्केटमधला. गाळ्याच्या माळ्यावर, मिरचीच्या पोत्यांच्या वर, खाकीलाल धुळीने माखलेला, आणि इतकी वर्षं 'त्सुनामी' पुकारत बसलेला. आधी रेडिओ बंद केला, मग 'नो एसएसआयडी त्सुनामी' टाइप केलं. खाली शिडी धरून उभे असलेले शेठ मान वर करून बघत होते.

"ताई, मघापासून नो-नोच चाललंय. चालू होणार ना?"

'नो शटडाउन' मारलं, नवं नाव त्यांच्या लॅपटॉपवर आलं. मग 'राइट मेमरी', आणि शिंकत शिंकत खाली उतरले.