सोयाबीन : पेरणीची वेळ व वाणांची कामगिरी

सोयाबीन (ग्लायसिन मॅक्स) हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारे पीक आहे. पेरणी लांबली की उगवणीपासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ आखडतो, झाड ठेंगणे राहते, फांद्या व शेंगा कमी लागतात. सर्व वाणांना ही झळ सारखी बसत नाही. त्यामुळे पेरणीची तारीख न देता सांगितलेला वाणाच्या उत्पादनाचा आकडा अपुराच समजावा.

इतिहास : डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच. ए. अलार्ड यांनी अमेरिकी कृषिखात्याच्या आर्लिंग्टन (व्हर्जिनिया) येथील प्रक्षेत्रावर ‘बिलोक्सी’ हा वाण काही आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरला. लवकर पेरलेली व उशिरा पेरलेली झाडे सप्टेंबरात जवळपास एकाच सुमारास फुलली. उन्हाळ्यात रोज काही तास अंधारात ठेवलेली झाडे मात्र त्याआधीच फुलावर आली. 1920 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून प्रकाशावधीची संकल्पना रूढ झाली. पेरणीच्या वेळेचा आजचा सारा विचार या प्रयोगांवर उभा आहे.

महाराष्ट्र : मराठवाडा-विदर्भाच्या अक्षांशांवर जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर बारा तासांचा. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर वापशावर पेरावे, जुलैचा पहिला पंधरवडा ओलांडू नये, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. फुले संगम (केडीएस 726) यासारखे शंभर-एकशेपाच दिवसांचे वाण वेळेवर पेरले तर भरपूर वाढतात. उशीर झाल्यास हलक्या जमिनीत ऐन दाणे भरताना ओल तुटते. जेएस 95-60, जेएस 93-05 हे लवकर येणारे वाण अशा उशिरा पेरणीत कमी नुकसान सोसतात. तेच मृगात पेरले, तर काढणी सप्टेंबरच्या पावसात सापडून शेंगेतच दाणे उगवण्याची भीती राहते. पेरणी लांबल्यास दोन ओळींतील अंतर कमी करून बियाणे वाढवतात.

एमएसीएस 1407 : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने संकरातून विकसित केलेला वाण. 2021 मध्ये त्याची माहिती जाहीर करताना 20 जून ते 5 जुलै या काळात केव्हाही पेरला तरी उत्पादन घटत नाही, असे संस्थेने नमूद केले. निम्मी झाडे सरासरी 43 दिवसांत फुलतात, पीक 104 दिवसांत पक्व होते, उत्पादनक्षमता हेक्टरी 39 क्विंटल. फूल पांढरे, दाणा पिवळा, नाभी काळी. शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड व ईशान्येकडील राज्यांसाठी असून महाराष्ट्र त्यात नाही.

उन्हाळी पेरणी : मुख्यतः बीजोत्पादनासाठी, डिसेंबर-जानेवारीत. थंडीमुळे उगवण रेंगाळते. फेब्रुवारीपर्यंत लांबल्यास फुलोरा व दाणे भरणे उष्णतेत सापडून फुलगळ होते, दाणा बारीक राहतो.

रोग : कृष्णाकाठी उशिरा पेरलेल्या पिकावर तांबेऱ्याचा धोका अधिक.