टेस्टोस्टेरॉन, प्रोस्टेटचा कर्करोग आणि १९४१ सालचा एक शोधनिबंध

गोऱ्हा बडवला की त्याचा बैल होतो, हे भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मस्ती उतरते, जनावर औताला सरळ चालते. पण त्याच वेळी आत, मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथीसुद्धा लहानच राहते, हे फारसे कोणाला माहीत नसते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी ही गोष्ट अठराव्या शतकातच नोंदवून ठेवली होती. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोन उपचाराची सुरुवात या निरीक्षणापासून होते.

आता तुमचा प्रश्न. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल चालू आहे, रक्तातील पीएसए वाढला, बायोप्सी झाली आणि कर्करोग निघाला. हा आजार औषधानेच झाला का? आणि आता ऑपरेशन करायचे की शेक घ्यायचा? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झाले १९३५ साली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९४१ मध्ये, शिकागोचे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी आपला गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. (मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही याच वर्षी.) त्यांचे रुग्ण हाडांपर्यंत आजार पसरलेले, वेदनेने अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचे वृषण काढल्यावर अनेकांचे दुखणे झपाट्याने कमी झाले. रक्तातील अ‍ॅसिड फॉस्फटेज हे कर्करोगाचे निदर्शक द्रव्यही उतरले. प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग हार्मोन काढून घेतल्याने आटोक्यात येतो, हे तोवर कोणी दाखवले नव्हते. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल मिळाले आणि ते रास्तच होते.

पुढे मेंदूतून वृषणांना सुटणाऱ्या आदेशाचे रासायनिक स्वरूप १९७१ च्या सुमारास उलगडले आणि त्यातून महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने आली. तरीही आपल्याकडे अनेक रुग्ण आजही वृषण काढण्याचे ऑपरेशनच निवडतात. एकदाच खर्च, आणि दर खेपेला नागपूरची साठ किलोमीटरची फेरी नाही. पसरलेल्या आजारात हा निर्णय कमी दर्जाचा मानू नका.

हगिन्स यांच्या त्याच निबंधात आणखी एक विधान होते: टेस्टोस्टेरॉन दिल्यास हा कर्करोग भडकतो. हे वाक्य पुढे साठ वर्षे पाठ्यपुस्तकांतून फिरले. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ अब्राहम मॉर्गेंटेलर यांनी मूळ निबंध काढून वाचला, तेव्हा दिसले की टेस्टोस्टेरॉन दिले होते तीन रुग्णांना, निकाल दिला होता दोघांचा, आणि त्यातल्या एकाचे वृषण आधीच काढलेले होते. म्हणजे उरला एक रुग्ण! वैद्यकशास्त्रात असेही घडते.

मग दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? धानाची बांधी डोळ्यांसमोर आणा. कोरडी पडली की रोप सुकते, पाणी दिले की तरारते. पण बांधी भरल्यावर वरून सोडलेले पाणी नुसते धुऱ्यावरून वाहून जाते. प्रोस्टेटच्या पेशींनाही ठराविक पातळीपर्यंतच टेस्टोस्टेरॉन वापरता येते, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. २००८ मध्ये १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. त्यात रक्तातील टेस्टोस्टेरॉनच्या पातळीचा कर्करोगाच्या धोक्याशी संबंध आढळला नाही. २०२३ साली ५ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीतही टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत घातक प्रकारचा कर्करोग लक्षणीयरीत्या जास्त दिसला नाही. मात्र त्या चाचणीत आधीच कर्करोग असलेल्यांना घेतलेच नव्हते. तेव्हा ‘औषधाने झाला’ म्हणून स्वतःला दोष देऊ नका, पण त्या चाचणीच्या आधारे औषध तसेच चालूही ठेवू नका. तुमची बांधी आधी कोरडी असेल, तर पाण्याचा परिणाम खराच असतो.

आजार ग्रंथीपुरताच असेल तर घाईचे कारण सहसा नसते. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत १,६४३ पुरुषांना देखरेख, ऑपरेशन किंवा शेक यांपैकी एक उपचार चिठ्ठी टाकल्यासारखा वाटून दिला होता. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले जेमतेम ३ टक्के होते. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होते.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यासाठी या तीन वाटांचा हिशेब थोडा बदलतो. देखरेख करायची तर पीएसए हाच आपला पहारेकरी, आणि औषधामुळे तो हलतो. म्हणून बहुतेक डॉक्टर आधी औषध थांबवून पीएसए पुन्हा तपासतात. ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यावा लागतो. त्यामुळे पुढे कधी टेस्टोस्टेरॉन पुन्हा द्यायचे ठरलेच, तर थोडीशी वाढही लगेच कळते. शेक घेतल्यावर पीएसए महिनोन्‌महिने हळूहळू उतरतो, आणि मध्यम किंवा जास्त धोक्याच्या आजारात शेकाबरोबर टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शनेही द्यावी लागतात, सहा महिन्यांपासून कधी दोन-तीन वर्षे. त्या काळात तुमचे जुने औषध बंदच. माझ्या मते, पुढे हे औषध लागणारच असे ज्याला वाटते त्याने ऑपरेशनचा विचार आधी करावा, अर्थात वय, हृदय आणि लघवीवरचा ताबा पाहूनच.

औषध कशासाठी सुरू झाले होते, हेही महत्त्वाचे. वृषण किंवा पिट्युटरी ग्रंथी निकामी असल्याने घेणारा माणूस वेगळा आणि पन्नाशीनंतर थकवा येतो म्हणून घेणारा वेगळा. दुसऱ्याला ते सोडणे सोपे. पहिल्याला हाडांची, रक्ताची आणि मनाचीही काळजी घ्यावी लागते.

नागपूरला तज्ज्ञांकडे जाताना बायोप्सीच्या अहवालासोबत औषधाचे नाव, डोस, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि औषध सुरू होण्यापूर्वीचा पीएसए कागदावर लिहून न्या. ‘ताकदीचे’ म्हणून कोणी चूर्ण किंवा गोळी दिली असेल, तर तिची डबीसुद्धा.