चर्या, जंग्या आणि फांजी

'चर्या' म्हटलं की आपल्याला दिनचर्या आठवते, नाहीतर चेहऱ्यावरचे भाव. पण किल्ल्यांच्या मराठीत चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावर ओळीने उभारलेल्या पाकळ्या. तट लांबून दातेरी दिसतो तो त्यांच्यामुळेच.

जुळे सोलापूरकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. आपला भुईकोटच घ्या. बहमनी काळातला किल्ला, दुहेरी तट, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आणि बाकी बाजूंना खंदक. निजामशाही आणि आदिलशाही त्याच्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी १५६५ च्या तालिकोट लढाईआधी चांदबीबीच्या लग्नात तो आदिलशाहीला हुंडा म्हणून गेला! इथे डोंगरकड्याचा आधार नाही, म्हणजे सगळी भिस्त बांधकामावर.

आता यातली गंमत बघा. तटावर चर्यांच्या मागून चालायची जी वाट असते ती फांजी. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो, तेवढा वेळ शिपाई चर्येच्या आड उभा राहणार. गोळी झाडायची ती जंगीतून, म्हणजे तटात ठेवलेल्या अरुंद भोकातून. काही जंग्यांचा उतार बाहेर खाली असतो, कारण शत्रू तटाच्या पायथ्याशी येऊन भिडला तर सरळ भोकातून तो दिसणारच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉलमध्ये फक्त बाहेर जाण्यासाठी उघडा ठेवलेला पोर्ट.

अर्थात तोफांपुढे चर्यांचं फारसं चालत नाही. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतलं आणि पेशवाईचा हा किल्लाही इंग्रजांकडे गेला.

आज चर्या बंगल्यांच्या कठड्यावर आणि मंगल कार्यालयांच्या कमानीवर दिसतात. शोभा म्हणून ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. काळजी वाटते ती खऱ्या तटाची. डागडुजी करताना पाकळ्या नीट उभ्या केल्या आणि जंग्या 'भोकं' समजून सिमेंटने बुजवल्या, तर फोटो छान येईल, पण तट कसा लढायचा हे कुणालाच कळणार नाही. 'भोक' बुजवायला हात कचरत नाही. 'जंगी' म्हटलं की निदान एकदा विचारावं लागतं, ही इथे कशासाठी?

तेव्हा पुढच्या रविवारी भुईकोटात गेलात, तर चर्यांचे फोटो काढून झाल्यावर एका जंगीला डोळा लावा. तिचा रोख कुठे आहे ते बघा. हल्ला कुठून येईल असं बांधणाऱ्याला वाटत होतं, ते तिथेच कळतं.