स्पोर्ट्स कारचे मूळ प्लास्टिक : जतन आणि दुरुस्ती

पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुल्याहून निघणारा रस्ता केडगाव, पारगाव, न्हावरा असा शिरूरला पोहोचतो आणि पुणे-अहिल्यानगर महामार्गाला मिळतो. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या या पट्ट्याची ओळख ऊस आणि गुऱ्हाळांमुळे आहे. मोटारींच्या इतिहासाशी त्याचा संबंध चटकन कोणी जोडत नाही. परंतु शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात, २०१५ मध्ये 'अबार्थ पुंटो' ही गाडी तयार होऊ लागली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि अंगावर अबार्थचे विंचवाचे चिन्ह. काटेकोर व्याख्येत ती हॅचबॅकच; पण शर्यतीच्या परंपरेतून आलेले नाव घेऊन महाराष्ट्राच्या भूमीवर तयार झालेली अशी दुसरी गाडी सहज सांगता येणार नाही. २०१९ मध्ये फियाटच्या नावाने होणारी मोटारींची विक्री भारतात थांबली. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप गाड्यांचे उत्पादन सुरू झाले होते, ते पुढेही चालू राहिले. अबार्थ मात्र संपली.

उत्पादन बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला पहिली धास्ती इंजिनाची वाटते. ती बऱ्याच अंशी अनाठायी असते. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग यांना पर्याय सापडतात, टर्नरकडून भाग घडवून घेता येतो, पत्रा ठोकून सरळ करता येतो, कुजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. धातूला कारागिराचा हात चालतो. प्लास्टिकच्या भागाचे तसे नाही. तो पोलादी साच्यात वितळलेला पदार्थ दाबून जन्माला आलेला असतो. त्या साच्याची किंमत लाखांच्या घरात जाते आणि हजारो नग निघणार असतील तरच ती परवडते. एकदा साचा निकामी झाला, की बंपरचे टोक, हवेच्या झोताची जाळी, दिव्याची काच किंवा डॅशबोर्डची पट्टी जगात जेवढी उरली असेल तेवढीच. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीला ही अडचण कमी भासली, कारण तिची संख्याच अफाट होती. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची टॅक्सी म्हणून कारकीर्द ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, तोवर तिच्या भागांची बाजारपेठ जिवंत होती. मोजक्या संख्येने निघालेल्या स्पोर्ट्स कारला असा आधार नसतो. म्हणूनच तडकलेला मूळ भाग कचऱ्यात टाकणे ही अशा गाडीची भरून न येणारी हानी ठरते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे, हे ओळखणे अत्यावश्यक आहे. १९९० नंतरच्या बहुतेक गाड्यांत भागाच्या मागील बाजूस पदार्थाची अक्षरे उमटवलेली असतात. बंपरवर पॉलिप्रोपिलीनचे 'पीपी', आतील पट्ट्यांवर बहुधा 'एबीएस', दिव्यांवर पॉलिकार्बोनेटचे 'पीसी'. जुन्या गाड्यांत ही सोय नसते. तेव्हा भागाच्या आतल्या बाजूचा नखाएवढा कपचा पाण्यात टाकून पाहावा. पॉलिप्रोपिलीन साध्या पाण्यावर तरंगते. एबीएस बुडते, पण पाण्यात भरपूर मीठ विरघळवले की वर येते. पीव्हीसी खारट पाण्यातही तळ गाठते. कपचा जाळून वासावरून पारख करण्याची पद्धत गॅरेजमध्ये प्रचलित आहे. परंतु पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते, तेव्हा तो मार्ग टाळलेलाच बरा.

प्लास्टिकचा पहिला शत्रू ऊन. दौंड-शिरूरकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक असतो. उघड्यावर काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. अतिनील किरणांनी पदार्थाच्या लांब साखळ्या तुटतात. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो आणि आतला भाग ठिसूळ बनतो. फेसावर चढवलेल्या पीव्हीसीच्या डॅशबोर्डची कथा थोडी निराळी आहे. त्याला मऊपणा देण्यासाठी मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते. काचेच्या आतल्या बाजूस बसणारा चिकट धूसर थर पुष्कळदा त्याचाच असतो. द्रव्य गेले, की कातडे आकसते आणि तडकते. बाजारातील चकचकीत पॉलिशने ते परत येत नाही. उलट सिलिकॉनयुक्त पॉलिश तड्यांत मुरले, तर पुढे रंग किंवा गोंद धरत नाही, आणि ही चूक निस्तरणे मूळ तड बुजवण्यापेक्षा कठीण जाते.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसे असतात. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांना एबीएस व पॉलिकार्बोनेटच्या जवळ फिरकू देऊ नये. वरून काहीही दिसत नसले तरी आतल्या ताणामुळे केसासारख्या भेगा पडतात. मागील दिव्यांच्या ॲक्रिलिक काचांना तर स्पिरिटही सोसत नाही.

भाग गाडीतून काढणे हीच अर्धी परीक्षा. जुन्या क्लिपा थंडीत हमखास तुटतात. डिसेंबरच्या पहाटे दाराचे आवरण उपटण्यापेक्षा दुपारपर्यंत थांबावे, किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने भाग कोमट करून घ्यावा. स्क्रू-ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक स्क्रू कुठला, याची चिठ्ठी त्याच्यासोबतच ठेवावी. हे सांगणे बाळबोध वाटेल. पण वर्षभर खोक्यात पडलेल्या पन्नास स्क्रूंतून नेमका हवा तो ओळखणे हे काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

तड सांधण्याची रीत पदार्थानुसार बदलते. वर ज्या ॲसिटोनची धास्ती सांगितली, तेच एबीएसच्या सांध्यात औषध ठरते. त्याच पदार्थाचे बारीक कपचे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लुगदी मागील बाजूने तडीत भरली, की दोन्ही कडा एकजीव होतात. पुढील दर्शनी बाजूस तिचा थेंबही जाता कामा नये, आणि लुगदी पूर्ण सुकायला किमान एक दिवस द्यावा. पॉलिप्रोपिलीनला मात्र गोंद जवळजवळ लागतच नाही. तेथे त्याच पदार्थाची कांडी आणि गरम हवा वापरून वेल्डिंग करावे लागते, आणि मागून स्टीलची बारीक जाळी वितळलेल्या थरात बसवली तर सांध्याला बळ येते. महामार्गांच्या कडेला बंपर सांधून देणारी दुकाने हेच तंत्र वापरतात. त्यांच्या कौशल्याविषयी शंका नाही. पण घाईत कांडी भलत्याच प्लास्टिकची वापरली गेली, तर सांधा दिसायला उत्तम आणि टिकायला महिनाभराचा होतो. कांडी कोणती, हे विचारण्यात संकोच करू नये.

करड्या पडलेल्या काळ्या पट्ट्यांवर गरम हवेचा झोत फिरवला की काळेपणा क्षणात परततो, आणि त्यामुळे हा उपाय फार लोकप्रिय झाला आहे. प्रत्यक्षात त्यात वरचा खराब थर वितळून सपाट होतो. एक-दोनदा ते चालते; पुढे पृष्ठभागावरची मूळ नक्षी, म्हणजे चामड्यासारखी बारीक खरखर, पुसली जाते. ती नक्षी हीच मूळ भागाची ओळख असते. ती गेलीच असेल, तर त्याच भागावरील शाबूत जागेचा सिलिकॉन रबरात ठसा घेऊन तो भरावावर उमटवता येतो. काम वेळखाऊ आहे, पण यशस्वी होते.

पुढील दिव्यांचे पिवळेपण हा सर्वांच्या परिचयाचा प्रश्न. पॉलिकार्बोनेटवर कारखान्यात चढवलेले संरक्षक आवरण झिजल्याने तो उद्भवतो. आठशेपासून तीन हजार नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासले व पॉलिश केले, की दिवा नव्यासारखा होतो. गंमत अशी, की येथेच थांबणाऱ्यांचा दिवा काही महिन्यांत पूर्वीपेक्षाही पिवळा होतो, कारण उरलेसुरले आवरणही घासताना निघून गेलेले असते. अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप पुन्हा चढवल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

इटालियन गाड्यांत आणखी एक खोड आढळते. १९९० आणि २०००च्या दशकांत बटणे व पट्ट्यांवर रबरासारखा मऊ लेप देण्याची पद्धत होती. हवेतील ओलाव्याने तो कालांतराने चिकट होतो. फेरारीसारख्या महागड्या गाडीची बटणेही त्यातून सुटली नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हा लेप हलक्या हाताने उतरवता येतो. खाली साधे प्लास्टिक उरते. मूळ स्पर्श गमावला तरी भाग वाचतो, आणि ज्याला हवा त्याला पुढे तसाच लेप नव्याने देता येतो.

ज्या स्पोर्ट्स कारचे अवघे शरीरच प्लास्टिकचे आहे, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. अमेरिकेत १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटने काचतंतू आणि रेझिन यांच्या शरीराची वाट दाखवली. भारतात सॅन स्टॉर्म आणि अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार होणारी चिंकारा रोडस्टर या त्याच कुळातल्या. अशा शरीराला गंज लागत नाही, म्हणून ते अमर आहे असा समज असतो. वरच्या रंगीत थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटू लागल्या, की तो दूर होतो. त्या रेषांवर नुसता भराव मारून रंग दिला, तर वर्षभरात त्या पुन्हा डोके वर काढतात. रेष मुळापर्यंत घासून उघडी करावी, मागून काचतंतूंचे नवे थर द्यावेत आणि मगच रंगाकडे वळावे.

भाग पूर्णपणे हरवला असेल, तर नक्कल करण्यावाचून गत्यंतर नाही. सिलिकॉन साच्यात रेझिन ओतून किंवा त्रिमितीय छपाईने ती करता येते. मात्र रेझिन घट्ट होताना किंचित आकसते. त्यामुळे मूळ भागावरून काढलेली प्रत मूळापेक्षा केसभर लहान निघते आणि लांब पट्टीच्या टोकाला फट राहते. त्याऐवजी भंगारातल्या गाड्यांकडे आधी पाहावे. अबार्थचे बरेचसे भाग साध्या पुंटोशी जुळतात, तेव्हा अपघातात मोडलेली साधी पुंटो ही जाणकाराच्या दृष्टीने खाणच होय.

मूळ भागांच्या आग्रहाला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये प्राचीन वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' ठरतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. डॅशबोर्ड वा दिव्यांचा उल्लेख या अटींत नाही. काचतंतूंच्या गाडीत मात्र प्लास्टिक म्हणजेच बॉडी, आणि तिची दुरुस्ती कुठे संपते व फेरफार कुठे सुरू होतो, हा प्रश्न मालकाला कागदपत्रे आणि छायाचित्रे पुढे ठेवूनच सोडवावा लागेल.

रांजणगावच्या २०१५ सालच्या अबार्थला हा मान २०६५ मध्ये मिळू शकेल. त्याआधी २०३० मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. ज्या मालकांना एवढी मजल मारायची आहे, त्यांनी निघालेला प्रत्येक तुटका तुकडा, मग ती क्लिप का असेना, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून सावलीच्या, कोरड्या जागी ठेवायला आजच सुरुवात करावी. पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा त्यासाठी सर्वांत वाईट.