लाखेच्या आधी खडू

मागल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने सागाचा एक जुना पाळणा पॉलिशला घेतला. घासला, पुसला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे सहा हात दिले. चमक आली. पण उजेडात नेला की देवीचे व्रण असावेत तशी अंगभर बारीक छिद्रे दिसायची. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, निम्मे पैसे देऊन गेल्या. शेजारच्या सुतारकाकांनी पाळण्यावर हात फिरवला आणि विचारले, "खडू भरला होता का गं?"

भरला नव्हता. कशाला भरायचा, तेही ठाऊक नव्हते. आणि आम्ही गोंदियाकडच्या! पळसावरची लाख खरवडण्यात आमच्या आयांचा जन्म गेला.

ही छिद्रे म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. लाकूड कापले की त्यांची तोंडे उघडी पडतात. साग दर हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्या ओळीने धरतो. लाखेचा थर पडतो पातळ. तो खड्ड्यात उतरतो, खड्डा बुजवत नाही.

लाख आपल्याकडे फार जुनी, महाभारतातले लाक्षागृह सर्वांना माहीत आहे. तो किडा लाख सोडतो म्हणतात, पण बहुतेक लाख मादीच तयार करते, हे जाता जाता सांगून ठेवतो. कंपनीच्या काळात व्यापाऱ्यांना लाख धुतलेल्या पाण्यातला लाल रंग हवा असे. आपला अळताही त्याच रंगाचा. १८५६ नंतर रसायनांपासून केलेले रंग आले आणि लाखेचा रंग मागे पडला. चपड्याला मात्र तोवर युरोपात गिऱ्हाईक लाभले होते. तिकडे महोगनीची टेबले आरशासारखी चकचकीत हवी होती, त्यासाठी फ्रेंच पॉलिश निघाले. मिर्झापूरकडचे कारागीर भट्टीसमोर बसून गरम लाखेचा पापुद्रा हातांनी, पायांनी, दातांनीसुद्धा ताणायचे. तो चपडा बोटीने तिकडे जायचा.

महोगनीलाही उघडी छिद्रे असतात. फ्रान्समधले कारागीर प्युमिस दगडाची बारीक पूड लाखेबरोबर फडक्याने घोळायचे. लाकडाचाच भुसा तिच्यात मिसळून छिद्रांत बसे. इंग्लंडमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस चोळत. ते झटपट होई, पण काही वर्षांनी छिद्रांतून पांढरे ठिपके डोकावू लागत.

आपल्या सुतारांचा उपाय खडूच्या पुडीचा. सुतारकाकांनी तिच्यात गेरू आणि पिवडी घालून लाकडाच्या रंगाशी जुळवली, पाण्यात दाट कालवली आणि गोणपाटाने रेषांना आडवी चोळायला लावली. उभी चोळली तर भरलेले पुन्हा निघून येते. वाळल्यावर काचपेपर मात्र रेषांच्या दिशेने. वरची पूड पूर्ण पुसायची, नाहीतर लाखेखाली धुके दिसते. सागाला आम्हाला दोनदा भरावे लागले.

पाळणा परत मागून आणला होता. जुनी लाख स्पिरिटने उतरवली, खडू भरला, या वेळी चार हातांतच काम झाले. उरलेले पैसे मिळाले.

आता मजुरीच्या कागदावर खडू भरण्याचा एक दिवस आम्ही वेगळा लिहितो. घासाघीस नेमकी त्याच दिवसावर होते. "दिसत तर काहीच नाही, मग पैसे कशाचे?" असे विचारतात. तेव्हा आम्ही पहिल्या वेळचे राखून ठेवलेले फळकुट त्यांच्यापुढे उजेडात धरतो.