डोंगर संपतो कुठे?

चारोटीहून तलासरीकडे महामार्गाने निघालं की डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका दिसतो. वाटतं, डोंगर म्हणजे काय, समोर दिसतो तेवढाच. वळसा घातला की झालं! विमानाच्या बाबतीत हे गणित साफ चुकतं. फुजी पर्वतापाशी ते १२४ माणसांच्या जिवावर बेतलं.

५ मार्च १९६६ ची दुपार. बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं बोइंग ७०७ टोकियोहून हाँगकाँगला निघालं. आदल्याच दिवशी त्याच विमानतळावर एक कॅनडियन विमान उतरताना कोसळलं होतं, त्याचे अवशेष अजून तिथेच होते. पण आज आकाश अगदी स्वच्छ! वैमानिकाने डोळ्यांनी बघत वर चढण्याची परवानगी घेतली आणि विमान ३७७६ मीटर उंच फुजीच्या बाजूने निघालं.

एक प्रवासी आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने बाहेरचं दृश्य टिपत होता. ती फिल्म नंतर अवशेषांत सापडली. तिच्यात डोंगर आहेत, तळं आहे. मग दोन चौकटी गळलेल्या, मग विमानाच्या आतलं काहीतरी, खुर्ची की गालिचा तेही धड कळत नाही... आणि फिल्म संपते. सुमारे १६,००० फुटांवर विमान हवेतच मोडलं होतं. कोणीही वाचलं नाही. मृतांत एका अमेरिकन कंपनीतर्फे सहलीला निघालेली बरीच जोडपी होती. त्यांची मुलं मागे घरी होती.

झालं काय होतं? पावसाळ्यात आपली सूर्या नदी बघा. खडक असतो एका जागी, पण पाणी खवळतं त्याच्या पुढे, उताराकडे. हवेचंही तसंच. त्या दिवशी फुजीच्या माथ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून जोरात वारा होता. डोंगर ओलांडून तो पलीकडे लाटांसारखा खाली-वर होत होता, त्यात भोवरे फुटत होते. पाण्याचा फेस दिसतो, हवेचा दिसत नाही. इशारा देणारे भिंगाच्या आकाराचे ढगही डोंगराजवळ नव्हते. विमानाच्या शेपटीत बारीक तडे सापडले, पण चौकशीत अपघाताचं कारण ठरला तो वाऱ्याचा तडाखाच. शोधासाठी तिकडे गेलेल्या अमेरिकन नौदलाच्या विमानालाही असे हिसके बसले की वैमानिकाला वाटलं, आता हेही तुटतंय.

आपल्याकडचा १९६२ चा अपघात आठवा. ७ जुलैची मध्यरात्र नुकती उलटली होती. मुंबईला उतरू पाहणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळ डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असा वैमानिकांचा समज झाला होता. तिथे डोंगर दिसलाच नाही, म्हणून घात झाला. फुजी तर लख्ख दिसत होता, तरी घात झालाच. मला हा दुसरा अपघात जास्त अस्वस्थ करतो. न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस भितो, सावध राहतो. समोर दिसणाऱ्या, सुंदर गोष्टीपुढे मात्र तो निर्धास्त होतो.

सह्याद्रीवरून वाहणाऱ्या वाऱ्यातही अशा लाटा उठतात. आपल्या हवामान शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. तीव्र पर्वतलाटांचा इशारा आज वैमानिकांना दिला जातो. नकाशात डोंगराची उंची असतेच, पण त्याच्या पलीकडे त्याचा वाराही असतो, हे आता धरून चालतात.

डोंगर दगड संपतो तिथे संपत नाही, हे एवढं महाग पडून कळलं.