उत्प्रेरक

नागपुरात ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आसपास ‘फोटोकॅटालिस्ट’, म्हणजे प्रकाशात काम करणारा उत्प्रेरक, हा शब्द बराच कानावर पडतो. (संस्था १९५८ची, ‘नीरी’ हे नाव १९७४चं, त्यात ‘नीर’ आहे हा गोड योगायोग.) त्यातला ‘कॅटालिसिस’ हा शब्द रसायनशास्त्रात आणला स्वीडनच्या बर्झेलियसने, १८३५ साली. ग्रीक मूळ अर्थ सुटं करणं. आपला ‘उत्प्रेरक’ मात्र ‘ईर्’ म्हणजे हलवणं या धातूवरचा; प्रेरणा, समीर ही त्याची भावंडं. एक सोडवतो, दुसरा ढकलतो. पाणी स्वच्छ करण्यापुरता मला ग्रीक अर्थच पटतो. टिटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटमधलीच भुकटी, अतिनील किरण पडताच सांडपाण्यातल्या रंगाचे रेणू तोडते. स्वतः खर्ची पडत नाही. उत्प्रेरकाची हीच खूण; तरी हल्ली पेपरात प्रत्येक मोर्चा ‘उत्प्रेरक’ ठरतो. तिथे साधं ‘निमित्त’ लिहा ना भाऊ!